कवळीकाकांचं स्पॅनिश

सदर इसम : वय साठीच्या अलीकडे. उंची मध्यम, बांधा मध्यम, केस पूर्वी होते. व्यवसाय : दंतवैद्यांच्या मागणीनुसार कृत्रिम दंतपंक्ती तयार करून देणे. स्वभाव शांत. बैठक स्थिर. बोलणे मोजके. हाती घेतलेले काम दिलेल्या मुदतीत पूर्ण करण्याबाबत ख्याती. सदर इसमाविरुद्ध आजतागायत कोणाचीही, कोणत्याही स्वरूपाची तक्रार नाही.

हा मजकूर कवळ्या बनवणाऱ्या कारागिरांच्या संघटनेनं सोनेरी काठाच्या जाड कागदावर छापून, चौकटीत बसवून त्यांना दिला होता. बायकोनं तो उभ्याउभ्याच वाचला आणि विचारलं, "हे कोण?"

प्रश्न रास्त होता. 'बैठक स्थिर' असं ज्यानं लिहिलं, त्यानं कवळीकाकांना फक्त टेबलाच्या वरच्या बाजूनं पाहिलं असणार. वरच्या बाजूला हात, मेण, चिमटा, छोटा दिवा आणि खाली झुकलेलं डोकं, सगळं एखाद्या देवघरासारखं शांत. टेबलाखाली मात्र उजवा पाय शिलाई मशीन चालवल्यासारखा दिवसभर हलत असे. मधूनच ते उठत, गॅस बंद आहे का बघून येत, दाराची कडी लावलेली असली तरी काढून पुन्हा लावत, आणि परत येऊन बसत. कवळीकाका हे नाव इमारतीतल्या पोरांनी ठेवलेलं. त्यांचे स्वतःचे दात सगळेच्या सगळे शाबूत होते. पण धंद्याला ते फारसं पोषक नसल्यानं ते हसताना तोंड मिटून हसत.

काम घरातच, मागच्या खोलीत चाले. खिडकीखाली टेबल, शेजारी कपाट, आणि कपाटात प्लास्टरचे पांढरे जबडे जोडीजोडीनं मांडलेले. एक वरचा, एक खालचा. माणसाचं माप दंतवैद्याकडून यायचं, त्यावरून जबड्याचा साचा, साच्यावर गुलाबी मेणाची हिरडी, हिरडीत दात. झाडलोट कितीही करा, त्या खोलीतल्या प्रत्येक वस्तूवर प्लास्टरची पूड असे. बायको म्हणायची, "ह्या खोलीत माणूस जाताना काळाभोर जातो, येताना पिकून येतो."

तर अशा ह्या शांत इसमाच्या घरी एके सकाळी मुलीचा फोन आला. मुलगी लग्न करून दूर गेलेली, जिथे सगळे स्पॅनिश बोलतात अशा ठिकाणी. नवरा तिथलाच, लांब पल्ल्याचा ट्रक चालवणारा. त्यांना पाच वर्षांची एक मुलगी होती आणि आता दुसरं बाळ यायचं होतं.

"बाबा, मला डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलंय. बाळ येईपर्यंत. सासूबाई म्हणतात पोरीला आमच्याकडे पाठव. मी म्हटलं, एकदा तरी माझ्या आईबाबांकडे राहू दे की. हा आणून सोडेल तिला. पण एक आत्ताच सांगते. तिला करमलं नाही, तर सासूबाई येऊन घेऊन जातील. तसं ठरलंय. मग रुसायचं नाही."

"रुसतंय कोण?" असं म्हणून काकांनी फोन बायकोच्या हातात दिला आणि ते गॅस बंद आहे का बघायला गेले. गॅस त्या सकाळी अजून पेटलाच नव्हता.

त्यांच्या काळजीला कारण होतं. नातीला एकच भाषा यायची आणि ती काकांना येत नव्हती. बायकोलाही येत नव्हती, पण तिचं काही अडत नसे. फोनच्या पडद्यावर नात दिसली की ही मराठीत सुरू व्हायची, ती स्पॅनिशमध्ये, आणि दोघी एकमेकींचं अवाक्षर न कळता मनसोक्त गप्पा मारायच्या. मग काकांची पाळी. ते खुर्ची पुढे ओढत, घसा साफ करत, मनात एक वाक्य जुळवत. वाक्य जुळेपर्यंत नात निघून गेलेली असायची आणि पडद्यावर ती बसलेल्या खुर्चीची पाठ उरायची. ती पाठ त्यांना नातीच्या चेहऱ्यापेक्षा जास्त ओळखीची झाली होती.

"रडली, तर कशाला रडते ते कळायला नको?" ते बायकोला म्हणाले.

"पाच वर्षांचं पोर कशाला रडतं? भूक, झोप, नाहीतर हट्ट. तिन्ही न सांगता कळतात."

"आणि चौथं काही असलं तर?"

ह्या चौथ्यासाठी त्यांनी स्पॅनिशचा वर्ग लावला.

वर्ग टायरच्या दुकानावरच्या माळ्यावर भरे. शिकवणाऱ्या बाई बारीक, मोठ्या आवाजाच्या, आणि खालच्या हवा भरायच्या पंपाशी स्पर्धा करून करून कायम घसा बसलेल्या. बाकीचे विद्यार्थी तरुण. कोणाला नोकरी हवी होती, कोणी प्रेमात पडलं होतं. काकांना कारण विचारलं तेव्हा ते म्हणाले, "घरी पाहुणी येणार आहे." तरुण मंडळींनी एकमेकांकडे पाहिलं.

पाणी, पाव, दूध, दुखणं इथपर्यंत काका झपाट्यानं आले. मग एका संध्याकाळी बाईंनी ती क्रियापदं काढली.

"ह्यांच्या शेपटीला 'से' असतो," बाई म्हणाल्या. "म्हणजे करणारा जे करतो ते स्वतःलाच करून घेतो. आणि प्रत्येकाच्या पुढे एक ठरलेला छोटा शब्द येतो. आठवायचं असेल तर आकोर्दार्से, पुढे 'दे'. लग्न करायचं तर कासार्से, पुढे 'कोन'. सवय करून घ्यायची तर आकोस्तुम्ब्रार्से, पुढे 'आ'. काळजी करायची तर प्रेओकुपार्से, पुढे 'पोर'. एकाचा शब्द दुसऱ्याला चालत नाही."

"का?" काकांनी विचारलं.

"मीही विचारलं होतं. ज्यांना विचारलं ते आता नाहीत. जोड्या पाठ करा."

काकांना हे फार आवडलं. त्यांच्या कपाटातही हाच कायदा होता. त्या रात्री जेवताना पाय इतका हलत होता की आमटीवर लाटा उठल्या.

"आकोर्दार्से दे," ते बायकोला म्हणाले. "म्हणजे मी स्वतःला तुझी आठवण करून देतो."

"आपल्याकडे आठवण आपली आपण येते. त्यांना मुद्दाम आणावी लागते?"

"एन्फादार्से कोन. एखाद्यावर रागावणं. 'कोन' म्हणजे सोबत. म्हणजे शब्दशः, त्याच्यासोबत रागावणं."

"सोबत? म्हणजे दोघांनी मिळून?" बायकोनं भात वाढला. "तसंच असतं म्हणा. एकटीनं रागावून ह्या घरात कधी काही झालंय का?"

पाठांतर मात्र होईना. काकांना एका जागी बसून पाठ करणं जमत नव्हतं. वही उघडली की उठावंसं वाटे. जे काय टिकायचं ते हातातल्या कामात टिकायचं. म्हणून त्यांनी आपल्या परीनं एक बिनचूक युक्ती काढली. कपाटातल्या वरच्या जबड्यांवर पेन्सिलीनं क्रियापद लिहायचं आणि त्याच्या खालच्या जबड्यावर त्याचा छोटा शब्द. पूर्वी तिथे पेशंटचा नंबर असे. नंबर त्यांनी खोडून टाकले. एका निवृत्त बस कंडक्टरचा वरचा जबडा झाला आकोर्दार्से, खालचा 'दे'. कोणा आजीबाईंचा वरचा झाला ओल्विदार्से, म्हणजे विसरणं, आणि खालचा? तोही 'दे'. तक्रार करणं, केहार्से : 'दे'. निरोप घेणं : 'दे'. आनंद होणं : 'दे'. हसणं : 'दे'. स्पॅनिश लोकांना जे जे म्हणून होतं, त्यातलं निम्मं 'दे'शिवाय होत नाही, हे काकांच्या ध्यानात यायच्या आतच कपाटात खालचे जबडे रांगेनं 'दे, दे, दे' करत बसले होते. एखाद्या सरकारी कचेरीसारखे.

एरवी तयार कवळी डब्यात घालण्याआधी काका वरची-खालची एकमेकींवर टेकवून चावा बसतो का ते पाहत. पण कंडक्टरांची कवळी डब्यात घालताना नेमका नातीच्या विमानाचं तिकीट निघाल्याचा फोन आला. त्यांनी वरच्या जबड्यावरचं क्रियापद वाचलं, 'दे' लिहिलेल्या जबड्यावरची खालची कवळी उचलली, डबा बंद केला आणि लगेच उठून येरझाऱ्या घालायला लागले.

दोन दिवसांनी दंतवैद्य डॉक्टरीणबाईंचा फोन. "काका, हे काय पाठवलंत? माझ्या कंडक्टरांना तोंड मिटता येत नाहीये. बोलणंच बंद झालंय त्यांचं. घरचे खूश आहेत, पण मला बरं दिसत नाही."

काकांनी कपाट उघडलं आणि साचे एकेक करून जुळवून पाहिले. कंडक्टरांची खालची कवळी गेली होती ओल्विदार्सेवाल्या आजीबाईंकडे. आजीबाईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, "थोडी मोठी वाटते खरी. पण नवीन वस्तू आहे, होईल सवय."

कवळ्या ज्याच्या त्याच्या तोंडी परत गेल्या. बायकोनं ओल्या फडक्यानं सगळ्या जबड्यांवरचं स्पॅनिश पुसलं. "पाहुणी यायच्या आधी दुकान बुडवू नका," ती म्हणाली. भिंतीवरच्या चौकटीत 'कोणत्याही स्वरूपाची तक्रार नाही' हे शब्द तसेच चकाकत होते.

नात आली. बारीक, मोठ्या डोळ्यांची, काखेत एक हिरवी कापडी मगर. मगरीचं तोंड उघडं होतं आणि आत दात नव्हते. कापडाचे होते ते विहीणबाईंच्या धुलाई यंत्रात गळाले, असं जावयानं हातवाऱ्यांनी सांगितलं. काकांनी जिन्यात घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "मे आलेग्रो दे वेर्ते." तुला पाहून आनंद होतो. 'दे' जागच्या जागी होता. नात बापाच्या पायामागे गेली. आभार बापानंच मानले, "ग्रासियास."

जावई दुसऱ्या दिवशी परत गेला. नात आजीच्या मागे मागे स्वयंपाकघरात फिरायची, तिच्याशी बोलायची, दुपारी खिडकीशी मगरीला घेऊन बसायची. काकांशी एक अक्षर नाही. ते मात्र दर थोड्या वेळानं खोलीतून बाहेर येत, तिच्यासमोर उभे राहत आणि विचारत, "ते केहास दे आल्गो?" ती मान खाली घाली. ते आत जात. पुन्हा येत.

"काय विचारता तिला सारखं?" बायको म्हणाली.

"काही तक्रार आहे का म्हणून."

"पोलीस ठाणं आहे का हे?"

आईशी फोनवर बोलताना नात 'आबुएला, आबुएला' म्हणायची. आबुएला म्हणजे आजी. पण कुठली, इथली की तिथली, ते काकांना कळत नव्हतं, आणि विचारायचं धाडस होत नव्हतं. धाडस करणं, आत्रेवेर्से, पुढे 'आ', एवढं त्यांना पाठ होतं.

आठवडा सरत आला तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, सासूबाई विचारतायत, रविवारी येऊ का न्यायला. ती खिडकीशीच बसते म्हणे? संध्याकाळी मी तिलाच विचारते. ती म्हणेल तसं."

त्या दुपारी काकांचा पाय नुसता हलत नव्हता, टेबल सरकवत होता. चिमट्यात धरलेली दाढ तीनदा खाली पडली. तिसऱ्यांदा ती उचलायला वाकले, तर दारात दोन छोटे पाय दिसले.

नात आत आली. आजवर ती ह्या खोलीत आली नव्हती. स्टुलावर चढली, मगर मांडीवर ठेवली, आणि टेबलावरचे प्लास्टरचे दोन जबडे उचलून एकमेकांवर आपटले. टक. पुन्हा, टक टक. मग काकांकडे बघून, अगदी सहज, म्हणाली, "मे आकुएर्दो के मी आबुएला तिएने लोस दिएन्तेस एन उन वासो."

काकांना सगळे शब्द ओळखता आले. एक सोडून. जो नव्हताच तो. 'मे आकुएर्दो'च्या पुढे 'दे' यायला हवा होता. कपाटभर लिहिलेला, कंडक्टरांचं तोंड उघडं ठेवणारा 'दे'.

काकांनी बोट वर केलं. "दे के," ते म्हणाले.

नातीला वाटलं म्हाताऱ्याला ऐकू येत नाही. ती तेच वाक्य मोठ्यानं म्हणाली.

"मे आकुएर्दो *दे* के," काका म्हणाले.

ती थांबली. एकदा त्यांच्या बोटाकडे, एकदा तोंडाकडे बघितलं. खालचा जबडा उचलला आणि फरशीवर फेकला. त्याचे दोन तुकडे झाले. "मे ए एन्फादादो कोन्तिगो!" असं ओरडून ती मगर घेऊन बाहेर पळाली.

तुझ्यावर मी रागावले आहे. 'से'च्या जागी 'मे', पुढे 'कोन', सगळं चोख. काका बोट वर केलेल्या अवस्थेत बसून राहिले. मग हळूहळू, पुस्तकातल्या धड्यासारखा एकेक शब्द जुळत, त्यांना तिचं पहिलं वाक्य कळलं. मला आठवतं, माझी आजी तिचे दात ग्लासात ठेवते.

बायको धावत आली. "काय केलंत?"

"तिनं 'दे' गाळला."

"कोण दे?"

काकांनी सांगितलं. बायकोनं दाराला टेकून ऐकून घेतलं.

"अहो, इतक्या दिवसांत पोर पहिल्यांदा आपणहून तुमच्याशी बोललं. विहीणबाईंचं गुपित सांगितलं तिनं तुम्हाला. आणि तुम्ही परीक्षा घेत बसलात?"

"पण चूक होती."

"तिची भाषा आहे. ती हवं ते गाळेल."

नात चपलांच्या फळीशेजारी भिंतीकडे तोंड करून बसली होती. काका मागच्या खोलीपासून तिथपर्यंत गेले, परत आले, पुन्हा गेले. क्षमा मागण्यासाठी एक क्रियापद होतं, त्यालाही 'से' होता, आणि पुढचा शब्द काही केल्या आठवेना. शेवटी ते टेबलाशी बसले. दिवा पेटवला, गुलाबी मेण वितळवलं, उरलेल्या दातांच्या डब्यातून निरनिराळ्या माणसांसाठी मागवलेले पटाशीचे दात, दोन सुळे, चार दाढा निवडल्या. माप घ्यायचं नव्हतं. मगरीच्या तोंडाचा आकार आठवडाभर बघून पाठ झाला होता. हात चालू असेपर्यंत पाय थांबला होता, हे बायकोनं दारातून पाहिलं.

काकांनी वरची कवळी नेऊन फरशीवर, नातीच्या गुडघ्याजवळ ठेवली. तिनं बराच वेळ तिकडे बघितलंच नाही. मग बघितलं. मग उचलली आणि मगरीच्या वरच्या जबड्याला दाबून बसवली. माणसाचे पांढरेशुभ्र दात लावलेली मगर विमा एजंटसारखी दिसायला लागली.

नातीनं तिला फिरवून फिरवून पाहिलं. मग मगरीच्या रिकाम्या खालच्या जबड्यात बोट घातलं आणि काकांकडे वळून, रागाचा सूर तसाच ठेवून विचारलं, "इ आबाहो?" आणि खाली?

"मान्याना," काका म्हणाले. उद्या. ह्या शब्दाच्या मागेपुढे काहीच लागत नाही.

संध्याकाळी फोन आला. नात आईशी खूप वेळ बोलली, हातवारे करून, भुवया चढवून, मध्ये एकदा बोट वर करून काकांची नक्कल करत. काका आत जाऊन बाहेर आले, पुन्हा आत गेले. अखेर मुलीनं बापाला बोलावलं. तिला हसू आवरत नव्हतं.

"बाबा, तुमच्याविरुद्ध मोठी तक्रार आहे. तुम्ही तिला बोलूच देत नाही म्हणे."

"बरं," काका म्हणाले. "मग? रविवारी?"

"विचारलं मी. आबुएला येऊ दे का न्यायला? नको म्हणाली. मगरीचे खालचे दात व्हायचे आहेत. ते झाले की बघू, म्हणाली." मग मुलीनं विचारलं, "किती वेळ लागतो हो बाबा त्याला?"

"किचकट काम आहे," काका म्हणाले.

रविवारी कोणी आलं नाही. नात आता रोज सकाळी दुधाचा पेला घेऊन मागच्या खोलीत येते, स्टुलावर चढते आणि बोलत सुटते. विहीणबाईंचे दात, विहीणबाईंचं मांजर, ट्रकचा भोंगा. 'दे' हवा तिथे गाळते. काका ओठ घट्ट मिटून ऐकतात आणि टेबलाखालचा पाय जोरात हलतो. निघताना ती विचारते, "इ आबाहो?" काका सांगतात, "मान्याना." मग ते थोडं मेण लावतात आणि थोडं खरवडून काढतात.

"दोन तासांचं काम आहे," बायको म्हणते.

"चावा बसत नाहीये."

"मगरीचा?"

काका उठून गॅस बघायला जातात.

डॉक्टरीणबाईंकडची त्या महिन्याची सगळी कामं वेळेत पोचली. कंडक्टर पुन्हा बोलू लागले. संघटनेचं प्रमाणपत्र भिंतीवर आहे. बायको त्याच्या काचेवरची प्लास्टरची पूड अधूनमधून पुसते.

मगरीची खालची कवळी अजून झालेली नाही.